पणजी-पर्वरी आवाक्याबाहेर गेली: गोव्यात परवडणारे आणि नांदते राहणारे नवे भाग कोणते?

सत्तरीकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा वाळपईजवळच्या गावचा असून गेली सहा वर्षे ताळगावात भाड्याच्या सदनिकेत राहतो. मी पणजीतल्या पाटोवरच्या एका कार्यालयात लेखा विभागात आहे, पत्नी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषधनिर्मिती कंपनीत आहे, मुलगी दुसरीत आहे आणि गुडघेदुखीमुळे आई आता आमच्याकडेच असते. घरमालकांनी यंदा करार वाढवताना जो आकडा सांगितला, तो ऐकून स्वतःचे घर घेण्याचा विषय आमच्या घरात पहिल्यांदाच गंभीरपणे निघाला.

आमची झेप कर्ज धरून पंचावन्न लाखांपर्यंत जाते. त्यात दोन खोल्यांची, उद्वाहन असलेली सदनिका हवी. ताळगाव आणि मिरामार यांचा विचारच सोडला आहे. पर्वरी पाहिली, तिथे आमच्या बजेटात जे बसते ते बरेच जुने आणि उद्वाहनाशिवायचे आहे. कदंब पठारावर दोन रविवार घालवले. इमारती नव्या आहेत, हवा मोकळी आहे आणि दलालाने 'पणजी दहा मिनिटांत' हे वाक्य किमान चार वेळा ऐकवले. भाव मात्र आमच्या झेपेच्या दीडपट निघाला. तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर गेलो तेव्हा काळ्या टाक्यांची अशी दाटी होती की कठड्यापर्यंत आडवे होऊन जावे लागले. दलाल म्हणाला की ही जादा सोय आहे.

माझा प्रश्न साधा आहे. उद्या भाव किती चढतील यात मला रस नाही. आज परवडेल, पाच-सात वर्षांत शाळा, दुकाने, दवाखाना आसपास येतील किंवा आधीच असतील, आणि आम्हा दोघांनाही कामावर पोहोचता येईल, असे भाग कोणते? शक्यतो तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्यांनीच लिहावे. जाहिराती मी पुष्कळ वाचल्या आहेत.

अंत्रुजकर

सत्तरीकर, तुम्ही पणजीला केंद्र धरून वर्तुळ काढले आहे. नकाशावर पणजी, वेर्णा आणि वाळपई अशा तीन खुणा करा आणि मग बघा. त्या तिघांच्या मध्ये फोंडा येते.

मी बावीस वर्षे फोंड्यात आहे. आधी खडपाबांधला भाड्याने होतो आणि आता कुर्टीत स्वतःच्या घरात. समुद्र नाही म्हणून दिल्ली-मुंबईचा दुसरे घर घेणारा ग्राहक इथे फारसा फिरकत नाही, आणि भाव आवाक्यात राहण्याचे खरे कारण हेच आहे. आसगाव, शिवोली, हळदोणे, मयडे या गावांत घर म्हणजे डिसेंबरात उघडायची वस्तू झाली आहे. २०११ च्या जनगणनेतच गोव्यातल्या दर पाच घरांमागे सुमारे एक घर रिकामे आढळले होते. फोंड्यात संध्याकाळी सात वाजता कोणत्याही इमारतीखाली उभे राहून वर पाहा. बहुतेक खिडक्यांत दिवे दिसतील आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतील. शाळा, बाजार, रिक्षा, रात्री उघडे औषधाचे दुकान हे सगळे या दिव्यांच्या जोरावर चालते.

आता उणीव सांगतो, नाहीतर मलाही दलालांत धराल. पणजी जवळजवळ तीस किलोमीटरवर आहे. जुने गोवे, बाणस्तारी, भोम, कुंडई, म्हार्दोळ हा रस्ता सकाळी साडेसातला सुटतो आणि साडेआठला अडकतो. भोम येथे वस्तीतून महामार्ग रुंद करण्याचा वाद किती वर्षे चालला आहे ते आपण सगळे वाचतोच. गावकऱ्यांचे म्हणणे मला पटते, पण त्याचा अर्थ असा की तो अरुंद तुकडा तुम्हाला रोज दोनदा भेटणार. वेर्ण्याला जायला बोरीचा पूल आणि लोटली हा मार्ग आहे. तो पूल जुना आहे, त्यावर अवजड वाहने आहेत आणि नव्या पुलाला लोटलीच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. तेव्हा तो लवकर होईल या आशेवर घर घेऊ नका.

कुर्टी, हवेली, ढवळी, नागामशीद या क्रमाने पाहा. दुर्गाभाट आता महाग झाले आहे. गावात बाजाराजवळच्या जुन्या इमारती स्वस्त दिसतील, परंतु गाडी लावायला जागा नसल्याने रोज संध्याकाळी जीव मेटाकुटीला येतो.

बार्देशची शिक्षिका

अंत्रुजकर काकांनी रिकाम्या घरांचे लिहिले ते अगदी खरे आहे, पण त्याची दुसरी बाजू भाडेकरूंना विचारा. मी पाच वर्षांत तीन घरे बदलली आहेत. किनाऱ्याच्या पट्ट्यात अकरा महिन्यांचा करार नावालाच अकरा महिन्यांचा असतो. पावसाळ्यात घर आनंदाने देतात, आणि सप्टेंबर उलटला की 'आमचे पाहुणे येणार आहेत' असा निरोप येतो. ते पाहुणे दर चार दिवसांनी बदलतात, हे मला शेजारणीने नंतर सांगितले.

शेवटी मी म्हापशाच्या पूर्वेला, करासवाड्याच्या पुढे थिवीच्या वाटेवर घर घेतले. थिवीला कोकण रेल्वेचे स्थानक आहे, औद्योगिक वसाहती जवळ आहेत, म्हापशाचा बाजार दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटांत येतो, आणि पेडेचे जिल्हा रुग्णालय, ज्याला माझी सासू अजून आझिलोच म्हणते, तेही हाताशी आहे. कोलवाळला गृहनिर्माण मंडळाची जुनी वसाहत आहे. तिथे कधीमधी पुनर्विक्रीत बरी घरे निघतात. माझ्या इमारतीत नर्स, बँकेतले, वीज खात्यातले आणि दोन बेकरीवाले राहतात, आणि चतुर्थीला सगळे मिळून गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधतात. जाहिरातीतल्या 'विकसित होणाऱ्या' भागाचे लक्षण काय ते मला ठाऊक नाही. माझ्यापुरते मी हेच धरते.

तुमच्यासाठी मात्र हा भाग नाही. पर्वरीतल्या उन्नत मार्गाचे काम सुरू झाल्यापासून म्हापसा ते पणजी हे तेरा किलोमीटर कोणत्या दिवशी किती वेळ खातील याचा नेम राहिलेला नाही, आणि तुमच्या पत्नीला तर तिथून पुढे जुवारी नदी ओलांडायची आहे.

निवृत्त नळवाला

मी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाणीपुरवठा विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. घर पाहायला जाणारा माणूस रस्ता पाहतो, ऊन पाहतो, वास्तूही पाहतो, पण पाणी कुठून येते हे विचारीत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोव्यात तुमच्या नळाचे नशीब तुम्ही कोणत्या योजनेच्या शेपटाशी आहात यावर ठरते. तिसवाडी (म्हणजे पणजीचा तालुका) आणि फोंडा ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या पाण्यावर आहेत. ते पाणी खांडेपार नदीतून उचलतात. बार्देश मुख्यतः अस्नोड्यावर आहे आणि अस्नोड्याला तिळारीच्या कालव्याचा आधार आहे. तो कालवा कुठे फुटला की म्हापशापासून पर्वरीपर्यंत टँकरच्या रांगा लागतात. पेडण्याला चांदेल आहे. दक्षिणेत साळावली धरण आहे, आणि सासष्टी-मुरगावचा बराचसा भार त्याच्यावर आहे.

आता कदंब पठाराकडे पाहा. पाणी ओपाहून निघते, वाटेतल्या गावांना देत येते, आणि मग त्याला चढ चढायचा असतो. सखल भागातला नळ वाहत असतो तेव्हा उंचावरच्या नळातून नुसती हवा येते. सत्तरीकरांनी गच्चीवर पाहिलेली टाक्यांची दाटी यातून आली आहे. ज्या इमारतीत नळाला पुरेसे पाणी येते, तिथे कोणी पदरच्या पैशाने दुसरी टाकी चढवीत नाही.

अंत्रुजकरांनी फोंड्याची बाजू मांडली, त्यात माझीही भर. फोंडा उगमाच्या जवळ आहे, त्यामुळे दाब सहसा बरा असतो. तरीही गाफील राहू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ महामार्गाच्या कामाच्या ठिकाणी दरड सरकून मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा पणजीबरोबर फोंड्याचेही नळ कित्येक दिवस कोरडे होते. आम्ही त्या चिखलात उभे होतो, डोक्यावर पाऊस कोसळत होता आणि घरून पत्नीचा दूरध्वनी येत होता की पिण्याला पाणी नाही.

सदनिका पाहायला जाल तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. इमारतीच्या फाटकाशी जमीन पाहावी. टँकर नेहमी येत असेल तर एका बाजूची फरशी खचलेली आणि ओली दिसते. सोसायटीच्या चिटणीसाकडे टँकरच्या बिलांची वही मागावी, आणि ती दाखवायला कोणी का-कू केले तर उत्तर मिळाले असे समजावे. तिसरे म्हणजे शक्य असेल तर एप्रिल-मे महिन्यात जावे. जुलैत गोव्यातले प्रत्येक घर पाण्याच्या बाबतीत श्रीमंत असते. जुलैत पाहायचे ते वेगळे, म्हणजे तळमजल्याच्या भिंतीवर किती उंचीपर्यंत ओल चढली आहे ते. डिचोली आणि साखळीत घरे स्वस्त मिळतात, गावे सुरेख आहेत, पण वाळवंटी नदीच्या काठची जागा घेण्याआधी शेजारच्या दुकानदाराला पुराच्या खुणा विचारा.

मालपेकर

मी पेडणे तालुक्यातली. कोणीतरी 'मोपाजवळ घ्या, सोने होईल' असे लिहिण्याआधीच मी लिहिते.

मोपाच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थाही आली. त्यानंतर आमच्याकडे रविवारी अनोळखी गाड्यांची रीघ लागू लागली. ज्या पठारावर आम्ही करवंदे वेचली, तिथे आज कुंपणे आणि 'खासगी मालमत्ता' असे फलक आहेत. मी यावर रडगाणे गाणार नाही. माझा धाकटा भाऊ विमानतळावरच नोकरीला आहे आणि त्याची नोकरी चांगली आहे.

पण 'उदयाला येणारा भाग' म्हणून जो तालुका विकला जातो, तो राहायला तयार आहे का, हे विचारा. जमिनीचे भाव शहराचे झाले आहेत आणि सोयी मात्र गावाच्या आहेत. भाऊ रात्रपाळी संपवून येतो तेव्हा त्याला दुचाकीशिवाय पर्याय नसतो. मोठ्या दुखण्याला अजून म्हापसा किंवा बांबोळीचे मोठे सरकारी रुग्णालयच गाठावे लागते. शिवाय कुठली जमीन कशासाठी राखीव राहील याचाच नेम नाही: २०२३ मध्ये तालुक्याच्या झोनिंगचा मसुदा लोकांच्या विरोधामुळे सरकारला मागे घ्यावा लागला. विमानतळावर नोकरी असेल तर पेडणे बाजाराजवळ भाड्याने राहणे शहाणपणाचे. तुमच्यासारख्यांनी इथे भूखंड घेऊन थांबण्यात काही अर्थ मला दिसत नाही.

सत्तरीकर

सर्वांचे मनापासून आभार. पेडणे आणि म्हापसा आम्ही यादीतून काढले. कुठ्ठाळी आणि सांकवाळचे कोणी सांगेल का? नवा जुवारी पूल झाल्यापासून माझा एक सहकारी तिथून ये-जा करतो आणि फार खूश आहे. तसेच, पुनर्विक्रीची सदनिका घेताना कागद कोणते पाहायचे, हेही कोणी जाणकाराने लिहावे.

दस्तऐवज

आधी कुठ्ठाळीचे थोडक्यात, कारण मी तिथलाच. नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला, आणि त्याआधी तासभर रखडणारे लोक आता घरी जेवायला वेळेवर पोहोचू लागले. तुमच्या दोघांच्या कामांच्या मधोमध असे हे ठिकाण आहे. पण पूल ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवसापासून घरमालकांनाही हे समजले. पंचावन्न लाखांत अजूनही काही मिळते, ते उपासनगरच्या बाजूला, जुन्या इमारतींत. वास्कोकडे जितके सरकाल तितके स्वस्त होत जाईल, पण बंदरातल्या कोळशाच्या धुळीबद्दल तिथले रहिवासी काय म्हणतात ते ऐकून मगच सरका.

आता कागद. मी वकील नाही, वकिलाच्या कचेरीत कागद लावण्याचे काम करतो, आणि माझे म्हणणे असे आहे की गोव्यात स्वस्त घर महाग पडते ते बहुधा कागदांमुळे.

सदनिका असो वा भूखंड, एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद) काढा आणि त्यात कुळाचा रकाना वाचा. तिथे नाव असेल तर थांबा. जागेत मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीत त्याच्या संमतीने राहत आलेल्याचे, घर असेल तरी थांबा, कारण १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि तो हलत नाही, हलवूही नये. जमीन कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या सामाईक मालकीची, तर नाही ना ते पाहा. बांधकामासाठी रूपांतराची सनद आहे का, पंचायतीचा किंवा पालिकेचा भोगवटा दाखला आहे का, आणि नवे काम असेल तर गोवा रेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाकडे, नोंद आहे का, ही त्रिसूत्री. 'दाखला येत्या महिन्यात मिळेल' हे वाक्य मी अशा लोकांकडून ऐकले आहे, ज्यांच्या इमारतीला दहा वर्षे झाली.

शेतजमिनीवरच्या 'लवकरच रूपांतरित होणाऱ्या' स्वस्त भूखंडाच्या वाटेला जाऊ नका. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले. त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात आलेल्या कलम १७(२) खाली जमीनवापराची जी रूपांतरे झाली, त्यांचे नियम २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. पुढे काय व्हायचे ते होवो, कर्जाचे हप्ते तोवर तुम्ही भरणार आहात.

आणि जे बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते आणि आपणही विसरतो, ते शेवटी. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार बहुतेक विवाहांत मालमत्ता नवरा-बायकोची समाईक असते. विक्रेता एकटा आला आणि 'घर माझ्याच नावावर आहे' म्हणाला, तरी विक्रीखतावर त्याच्या पत्नीचीही सही लागते. वारसाहक्काने आलेले घर असेल तर भाऊ, बहिणी आणि त्या प्रत्येकाचा जोडीदार अशी सह्यांची संख्या मोजा. एका साध्या सदनिकेसाठी मी अकरा सह्या गोळा केल्या आहेत. त्यांतल्या तीन लिस्बनहून मागवाव्या लागल्या.

काकोडेकर

कुडचडे-सावर्ड्याचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून चार ओळी. इथे घरे खरोखर स्वस्त आहेत, रेल्वे स्थानक गावातच आहे, आणि खाणी २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्यानंतर ट्रकमालकांनी विकलेल्या जागाही बाजारात आल्या. मडगावात नोकरी असणाऱ्याने अवश्य पाहावे. पणजीला रोज जायचे असेल तर आयुष्य बसमध्ये जाईल. खाण पुन्हा पूर्ण जोरात सुरू झाली तर धूळही परतेल, हे गृहीत धरून रस्त्यापासून आत घर घ्या.

सत्तरीकर

सहा आठवड्यांनी परत येतो आहे. उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, पण तो सांगण्याजोगा आहे.

नळवाले काकांचे ऐकून मी पाहिलेल्या सातही इमारतींत टँकरची वही मागितली. दोन ठिकाणी ती मिळाली, एके ठिकाणी चिटणीस हसले, उरलेल्या चार ठिकाणी विषय बदलला. कुर्टीतल्या एका इमारतीची वही तर मी मुद्दाम चाळली: गेल्या वर्षी मे महिन्यात चार टँकर आणि एरवी एकही नाही. तिसरा मजला, उद्वाहन आहे, खिडकीतून फणसाचे झाड दिसते, किंमत बावन्न लाख. आईने झाडावर लगेच हक्क सांगितला.

मग आम्ही बसची परीक्षा घेतली. एका सोमवारी मी कार्यालयातून मुद्दाम उशिरा निघालो आणि पणजी स्थानकावर सव्वाआठला उभा राहिलो. बस मिळाली, पण उभ्याने, आणि त्यानंतरची कधी आहे हे विचारल्यावर वाहकाने नुसते माझ्याकडे पाहिले. पत्नीने आठवडाभर दुचाकीवरून कुर्टी ते वेर्णा असा प्रवास केला. चार दिवस तिला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागली. पाचव्या दिवशी बोरीच्या पुलावर एक कंटेनर बंद पडला आणि ती दीड तासाने पोहोचली. शनिवारी ती म्हणाली की, मला हे जमेल, पण मला पावसातही एकदा करून पाहू दे.

कागदांत मात्र घोडे अडले. विक्रेते एकटेच भेटत होते, आणि दस्तऐवज साहेबांचे लिहिणे आठवून मी त्यांच्या पत्नीबद्दल विचारले. त्या सात वर्षांपासून पोर्तुगालमध्ये आहेत, दोघांत बोलणे नाही, पण घटस्फोटही नाही. 'सही नंतर बघू, आधी बयाणा द्या' असा त्यांचा आग्रह होता. बयाणा दिलेला नाही.

सध्या त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची सदनिका अकरा महिन्यांसाठी भाड्याने घेतली आहे. भाडे ताळगावपेक्षा बरेच कमी आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरू नोंदणीचा अर्जही दिला. एक पावसाळा काढू, पूल पाहू, आणि तोवर त्या बाईंची सही आली तर आली.

अंत्रुजकर

उत्तम केलेत. जूनच्या आधी सामान हलवा आणि मोठा ट्रक करू नका. तुमच्या इमारतीकडे जाणारे वळण मला माहीत आहे, तिथे छोटा टेम्पोच वळतो. आईंना काय वाटते आहे?

सत्तरीकर

आई कालच वाळपईला गेली. ताळगावहून जाताना तिला पणजीत बस बदलावी लागे आणि पायऱ्या दोनदा चढाव्या लागत. इथून तिस्क-उसगावमार्गे थेट बस मिळाली, खिडकीशी जागाही मिळाली. पोहोचल्यावर तिने फोन करून फक्त एवढेच विचारले की फणस कधी उतरवणार आहेत.